निदान ऑक्टोबरपर्यंत सही नको

ताई, नमस्कार.

मी मूळची साताऱ्याची. इंजिनिअरिंग आणि नंतरची आठ वर्षं नोकरी पुण्यात. गेल्या वर्षी 1 जानेवारीला ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरी-परवान्यावर, जर्मनीत श्टुटगार्टजवळ ब्योब्लिंगेनला रुजू झाले. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. पगार वर्षाला 60,000 युरो, हातात महिन्याला 3,200 च्या आसपास. नवरा मागाहून फॅमिली व्हिसावर आला. त्यालाही आता एका गोदामात नोकरी आहे, त्याचे हातात 2,200 येतात. घरभाडं 1,350. शिवाय रावेतच्या फ्लॅटचा हप्ता 42,000 रुपये. मुलगी पाच वर्षांची, किटात, म्हणजे इथल्या बालवाडीत जाते.

गोष्ट किटावरूनच सुरू झाली. या हिवाळ्यात तिथे माणसं कमी पडायला लागली. आठवड्यातून दोनदा निरोप यायचा, 'आज एक वाजताच मुलांना घेऊन जा.' माझं त्या दिवशी घरून काम होतं म्हणून एकदा मदतीला थांबले, मग थांबतच गेले. माझ्या मोडक्या जर्मनला मुलं हसतात आणि मग स्वतःच दुरुस्त करून देतात. 'अटक मटक चवळी चटक' अख्ख्या गटाला पाठ झालंय. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका शोधतेय. दिवस संपूच नये असं मला पहिल्यांदा तिथे वाटलं. किटाच्या प्रमुख बाई म्हणाल्या, 'पिआ कर ना, आम्हाला माणसं हवीच आहेत.' पिआ म्हणजे बालवाडी-शिक्षकाचं तीन वर्षांचं पगारी प्रशिक्षण, सप्टेंबरात सुरू होतं.

आणि नेमकं आत्ताच कंपनीने माणसं कमी करायला घेतलीत. एच.आर.ने करार पुढे केलाय: 30 जूनला आपखुशीने बाहेर पडा, 3,500 युरो घ्या. सही 31 मार्चपर्यंत. मला हा देवाचा कौलच वाटतोय. नवरा 'तू ठरव' म्हणतो आणि पुढे काही बोलत नाही. सासूबाई फोनवर म्हणाल्या, 'बी.ई. होऊन तिकडे पोरांची शेंबडं पुसणार का?'

सही करू का?

वैतागलेली टेस्टर, ब्योब्लिंगेन

* * *

प्रिय टेस्टर,

तारीख जवळ आली आहे म्हणून शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. सही करू नका. किटाचं स्वप्न मात्र अजिबात सोडू नका. तुमचं चुकतंय ते फक्त वेळापत्रकात. तेही तीन महिन्यांनी, म्हणून जास्त हळहळ वाटते.

हिशोब असा. ब्लू कार्डवर नोकरी करून 21 महिने पेन्शनचे हप्ते भरले गेले आणि हातात जर्मनचं बी-वन, म्हणजे मधल्या पातळीचं प्रमाणपत्र असलं, तर कायमच्या वास्तव्याच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. आपली मंडळी ज्याला सरसकट पीआर म्हणतात, तोच हा. बी-वन नसेल आणि नुसतं ए-वन, म्हणजे पहिल्या पायरीचं असेल तर 27 महिने लागतात. तुम्ही 1 जानेवारी 2025 ला रुजू झालात, म्हणजे तुमचे 21 महिने येत्या 30 सप्टेंबरला भरतात. कंपनीच्या करारावर सही केलीत तर 30 जूनला तुमचे होतात 18. साडेतीन हजार युरोंना तुम्ही हे उरलेले तीन महिने विकताय. एच.आर.ला ते ठाऊक असेल असं मी म्हणत नाही. त्यांना बहुधा ब्लू कार्ड आणि बसचा पास यातला फरकही ठाऊक नसेल.

आता पिआकडे वळू. ब्लू कार्ड हा पदवीला साजेशा आणि ठराविक पगाराच्या नोकरीचा परवाना आहे. 2026 साठी ती पगाराची रेघ वर्षाला 50,700 युरो आहे. आयटीसारख्या टंचाईच्या व्यवसायांत थोडी खाली, 45,934 च्या आसपास. तुमचं पहिलं वर्ष सरलंय, त्यामुळे एका टेस्टिंगच्या नोकरीतून दुसऱ्या टेस्टिंगच्या नोकरीत तुम्ही परवानगी न मागता जाऊ शकता. पण किटातलं प्रशिक्षण या चौकटीत बसतच नाही. त्यासाठी ब्लू कार्ड सोडून प्रशिक्षणाचा वेगळा परवाना घ्यावा लागेल. त्या परवान्यावर घरखर्च कसा भागवणार हे दाखवावं लागतं. नवऱ्याचा परवाना तुमच्या परवान्याला टेकून उभा आहे, त्याचं काय ते पुन्हा परदेशी नागरिकांच्या कार्यालयातल्या बाईंसमोर मांडावं लागतं. आणि तीन वर्षांत प्रशिक्षण अर्धवट सुटलं तर मागे जायला जागा नाही. ब्लू कार्डच्या 18 महिन्यांचा तुम्हाला तेव्हा फारसा उपयोग होणार नाही.

पीआर हातात आला की यातलं काहीच उरत नाही. टेस्टिंग करा, किटात जा, वाटलं तर पोळीभाजी केंद्र काढा; परवानगी कोणाची मागायची नाही. म्हणून क्रम बदला. या सप्टेंबरऐवजी पुढच्या सप्टेंबरात, म्हणजे 2027 च्या तुकडीत प्रवेश घ्या. एक वर्ष उशीर होतो, हे कबूल. पण या वर्षी जागा मिळालीच असती याचीही खात्री नव्हती. प्रमुख बाईंनी 'कर ना' म्हटलं आहे, करार दिलेला नाही. पिआला एकीकडे संस्थेचा करार लागतो आणि दुसरीकडे व्यवसाय-शाळेत प्रवेश. हे अर्ज आधीच्या हिवाळ्यात होतात; मार्चमध्ये जागी झालेली माणसं पुढच्या वर्षीच्या रांगेत उभी राहतात. शिवाय तुमची बारावी आणि पदवी इथल्या कुठल्या शिक्षणाच्या तोडीची धरायची, याचा दाखला श्टुटगार्टच्या विभागीय सरकारी कार्यालयातून आणावा लागेल. तो अर्ज आजच टाका, त्याला ब्लू कार्डाशी काही देणंघेणं नाही. साताऱ्याहून मार्कशीटच्या मूळ प्रती मागवा आणि भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्या. मैत्रिणीची जर्मन कितीही चांगली असली तरी तिचं भाषांतर चालत नाही.

'सही केली नाही तर काढून टाकतील' ही भीती तुमच्या पत्रात लिहिलेली नाही, पण ओळींच्या मधून ती दिसते. काढू शकतात. खोटा धीर मी देणार नाही. नोकरीत सहा महिने झालेल्या माणसाला दहाहून जास्त कामगारांच्या कंपनीत कायद्याचं संरक्षण असतं. पण काम कमी झाल्याचं कारण सांगून माणसं काढायची असतील, तर वय, नोकरीची वर्षं, पोसायची माणसं हे सगळं बघतात आणि त्यात तुमची सव्वा वर्षाची नोकरी कमीच भरते. मुलगी आहे हे तुमच्या बाजूने.

तरीही स्वतः सही करून जाणं आणि कंपनीने काढणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे. आपखुशीने सही केली की बेकारी भत्त्यावर बहुधा 12 आठवड्यांची बंदी येते. कंपनीने काढलं तर ती बंदी येत नाही. वर्षभराहून जास्त हप्ते भरलेत, त्यामुळे निदान सहा महिने भत्ता मिळेल आणि मूल असल्यामुळे तो निव्वळ पगाराच्या 67 टक्के असेल. काढल्याचं पत्र आलंच तर दोन तारखा फ्रिजवर लावून ठेवा: तीन दिवसांत रोजगार कार्यालयात नोंद आणि तीन आठवड्यांच्या आत कामगार न्यायालयात दावा. तीन आठवडे गेले की बरोबर असलेला माणूसही हरतो. परदेशी नागरिकांच्या कार्यालयालाही नोकरी गेल्याचं लगेच कळवायचं. ब्लू कार्ड त्याच दिवशी रद्द होत नाही, दुसरी नोकरी शोधायला मुदत मिळते. आणि 21 महिने एकाच कंपनीत व्हावे लागतात असंही नाही. दुसरीकडे टेस्टिंगची नोकरी मिळाली की मोजणी तिथून पुढे सुरू होते.

या आठवड्यात कामगारांच्या प्रतिनिधी मंडळाकडे, तुमच्या ऑफिसात ज्याला सगळे 'बेट्रीब्सराट' म्हणतात तिथे जा. फुकट आहे, कंपनीतच आहे, आणि आपली माणसं तिकडे फिरकत नाहीत. 'युनियनकडे गेली' असं कोणी म्हणेल म्हणून पुण्यात जो संकोच असतो तो इथे ठेवू नका. वकील हवा असेल तर पहिल्या सल्ल्याला 190 युरो आणि वर कर, याहून जास्त तो सामान्य माणसाकडून घेऊ शकत नाही.

जर्मन कागदावर सही करण्याबद्दल मी जरा जास्तच चिडून लिहितेय असं वाटेल. त्याला कारण आहे. इथे आल्या आल्या मी घरमालकाने पुढे केलेल्या चार पानांवर हसत हसत सही केली होती. चार वर्षांनी घर सोडताना कळलं की सगळ्या भिंती, दारं आणि रेडिएटरसुद्धा रंगवून देण्याचं मी कबूल केलंय. जुलैत, सातव्या महिन्याचं पोट घेऊन मी रेडिएटर रंगवले. त्यातली काही कलमं कोर्टात टिकली नसती हे पुढे समजलं, पण तोवर रंग वाळला होता.

आता जर्मनबद्दल. तुम्ही 'मोडकं' म्हणताय म्हणजे ए-टूच्या आसपास असाल असं धरते. उन्हाळ्यात बी-वनची परीक्षा द्या. ऑगस्टमध्ये निकाल हातात हवा, कारण परवान्याच्या टर्मिनसाठी, म्हणजे कार्यालयातल्या भेटीच्या वेळेसाठी, महिनोन्‌महिने थांबावं लागतं. त्याबरोबर 'जर्मनीतलं जीवन' ही चाचणीही देऊन टाका. 33 प्रश्न, त्यातले 15 बरोबर आले की झालं. प्रश्नसंच आधीच जाहीर असतो, 310 प्रश्नांचा, एम.पी.एस.सी.चा अभ्यास पाहिलेल्या माणसाला हा खेळच. किटाच्या प्रशिक्षणाला पुढे बी-टू लागेल. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये नोकरीत वर्ष झालेल्याला शिकण्यासाठी वर्षाला पाच दिवस भरपगारी रजा मागायचा हक्क आहे, मान्यताप्राप्त संस्थेच्या वर्गासाठी. तो तुम्हाला याच जानेवारीत लागू झाला. अर्ज दोन महिन्यांहून आधी करावा लागतो, म्हणजे जूनचा वर्ग गाठायचा तर आत्ताच. तुमच्या ऑफिसात इंग्रजीत भागतं, हेच तुमच्या जर्मनच्या मुळावर आलंय. किटात तसं भागणार नाही. पाच वर्षांचं पोर 'सॉरी, इन इंग्लिश?' ऐकून घेणार नाही. आणि एक बारीक गोष्ट, किटात मदतीला थांबता ते कामाच्या तासांत असेल तर उद्यापासून बंद. माणसं कमी करायला कारणं शोधत असलेल्या कंपनीच्या हातात आयतं कारण देऊ नका.

पैशाचं बोलते. नवरा गप्प आहे तो बहुधा याच जागी अडकलाय. पिआत पहिल्या वर्षी ढोबळमानाने 1,400 युरो मिळतात, हातात येतात 1,100 च्या आसपास. त्याचे 2,200 आणि बालभत्त्याचे 259 धरले तर घरात महिन्याला साडेतीन हजार. त्यातून भाडं गेलं, रावेतचा हप्ता म्हणजे साधारण 400 युरो गेले, की उरतात अठराशे. त्यात वीज, विमे, किराणा, दोघांचे प्रत्येकी 63 युरोंचे प्रवास पास, पोरीचे बूट. भागतं, पण दर वर्षी भारताची तिकिटं त्यात बसत नाहीत. तीन वर्षांनी पूर्ण वेळ नोकरी लागली तरी पगार महिन्याला तीन हजारांच्या वर सुरू होतो आणि बरीच वर्षं गेल्यावर चार हजारांच्या आसपास रेंगाळतो, तोही कर कापण्याआधीचा. आजचा तुमचा 5,000 आहे. हा खड्डा तात्पुरता नाही. तो दोघांनी मिळून कागदावर बघायला हवा, एकट्या तुम्ही नाही.

त्यासाठी एक तालीम करा. येत्या एप्रिलपासून तुमच्या पगारातले फक्त 1,100 घरखर्चात घ्या आणि बाकीचे 2,100 वेगळ्या खात्यात टाका, हात न लावता. 2027 च्या ऑगस्टपर्यंत ते 17 महिने होतात, म्हणजे 35,700 युरो. जमलं तर प्रशिक्षणाच्या तीन वर्षांची उशी तयार. तिसऱ्याच महिन्यात खात्याला हात लागला तर तेव्हाच बोलू, नोकरी हातात असताना. आणि रावेतचा फ्लॅट 'आई-बाबा कधी आले तर' म्हणून कुलूपबंद ठेवला असेल तर भाड्याने द्या. रिकाम्या फ्लॅटचा हप्ता भरायचा आणि इथे काटकसर करायची, हे गणित मला कधीच समजलेलं नाही. चार दिवसांचा आठवडा मागून जर्मन शिकायचा मोह होईल, तो ऑक्टोबरनंतर. पगार 48,000 वर आला तर वर सांगितलेल्या दोन रेघांमधल्या कुठल्या रेघेवर तुमचं ब्लू कार्ड काढलंय यावर सगळं अवलंबून राहील.

आता मला थोडी शंका घेऊ द्या. तुम्हाला किटा हवंय की टेस्टिंग नकोय? तुम्ही तिथे पाहुण्या म्हणून जाता. मुलं पाहुण्यांना गाणी म्हणून दाखवतात. नोकरीत सकाळी साडेसहाची पाळी असते, दिवसाला आठ-दहा लंगोट असतात, हिवाळाभर सर्दी आणि खरूज-उवांच्या सूचना असतात, प्रत्येक मुलाच्या प्रगतीची वही लिहायची असते आणि संध्याकाळी एखादा बाप विचारतो की माझ्या मुलाची टोपी कुठे आहे. आवाज तर विचारू नका. माझ्या ओळखीतली एक मुलगी दीड वर्षात बाहेर पडली, कारण तिला आवाज सोसेना. मुलं तिला आजही आवडतात. म्हणून सुट्टीतले चार दिवस काढा आणि दुसऱ्या, अनोळखी किटात नुसतं बघायला जायची परवानगी मागा. इथे त्याला 'हॉस्पिटात्सिओन' म्हणतात, दचकू नका. तुमची मुलगी जिथे नाही, तुमचं कौतुक करायला कोणी नाही, तिथला चौथा दिवस संपताना कसं वाटतं ते मला कळवा. जाताना गोवराच्या लशीचा पुरावा न्या. 2020 पासून किटात काम करणाऱ्याला तो सक्तीचा आहे आणि आपल्याकडची लहानपणीची लसकार्डं कधीच सापडत नाहीत. सापडलं नाही तर डॉक्टर रक्त तपासून दाखला देतो.

सासूबाईंचं राहिलं. शेंबडं पुसावी लागतील, त्यांचं म्हणणं शब्दशः खरं आहे. पण हे काम बी.ई.च्या खालचं, असं त्यांना वाटत असेल तर त्यांच्याशी ताराबाई मोडकांबद्दल बोलून बघा. त्या काळातल्या पदवीधर बाई, राजकोटला महिला अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य होत्या. ती मानाची नोकरी सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. पुढे 1945 मध्ये बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी त्यांनी आणि अनुताई वाघांनी जे उभं केलं, त्यात गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली होती. 1962 ला पद्मभूषण मिळालं. शेंबडं त्यांनीही पुसली असणारच. तुमच्या सासूबाई त्या पिढीच्या जवळच्या आहेत, त्यांना हे नाव माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. आणि जर्मनीत हे काम कोणाला कमी वाटत असेल तर आठवण करून द्या, 'किंडरगार्टन' हा शब्दच फ्रोबेलने 1840 मध्ये इथे रुजवला.

नवऱ्याशी मात्र ताराबाईंबद्दल बोलू नका. त्याच्याशी वरचे आकडे घेऊन बसा, रविवारी, पोरगी झोपल्यावर. 'तू ठरव' म्हणणारा माणूस कित्येकदा घाबरलेला असतो. त्याचा परवाना तुमच्या परवान्यावर आहे हे त्याला रोज जाणवत असणार. ऑक्टोबरपर्यंत थांबतोय हे कळल्यावर तो जास्त मोकळा बोलेल असा माझा अंदाज आहे.

31 मार्चपर्यंत एच.आर.ला उत्तर द्यायचंय, ते दोन ओळींचं असू द्या: प्रस्तावाबद्दल आभार, मी तो स्वीकारत नाही, माझं काम पूर्वीप्रमाणे चालू ठेवेन. कारणं लिहू नका, किटाचा उल्लेख नको, पीआरचा तर नकोच. फोनवर बोलावलं तर 'लेखी पाठवा' म्हणा. आणि हे पत्र स्वतः जर्मनमध्ये लिहा, पाठवण्याआधी बेट्रीब्सराटमधल्या कोणाकडून तपासून घ्या. बी-वनच्या परीक्षेत असंच एक औपचारिक पत्र लिहायला लावतात.

तुमची,
ताई